त्यात औषध होतं

आमच्या घरात औषधं दोन ठिकाणी असायची. तापाची, खोकल्याची आणि आईच्या गुडघ्यांची देवघराशेजारच्या कपाटात. उंदरांची, ढेकणांची, मुंग्यांची मागच्या पडवीतल्या फळीवर. दोन्हींना आम्ही औषधच म्हणायचो. बोलणारा कुठे बघतोय त्यावरून कुठलं ते कळायचं आणि त्यात कधी कुणाची चूक झाल्याचं मला आठवत नाही.

मी इंग्रजी शाळेत गेले. तिथे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द होते. प्रयोगशाळेतल्या कपाटावर तर कवटी आणि दोन हाडं रंगवलेली होती. आमच्या पडवीत तसलं काही नव्हतं. मी आठेक वर्षांची असताना वस्तीवरच्या एका बाईने औषध घेतलं, असं आई शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगत होती. मला वाटलं, मग आता बरी होईल. ती बरी का झाली नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नव्हते. आई मला कधीच काही विचारू देत नसे असंही नाही. प्रश्न जिभेवर आला की तो आधी मराठीत नीट बसतोय का ते मी बघायचे, आणि तो बसेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं.

ती फळी बाबांची होती. ते रसायनीला एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. आल्यावर चहा झाला की पहिल्यांदा पडवीत जाऊन बाटल्या सरळ करायचे. मात्र या बाटल्या मूळच्या नव्हत्या. कशेळ्याच्या बाजारात तेव्हा एक दुकानदार सुटं औषध द्यायचा. बाटली आपली आणायची, हवं तेवढं भरून न्यायचं. बाबा हाताला लागेल ती बाटली नेत. त्यामुळे केसांच्या तेलाच्या बाटलीत वाळवीचं औषध, लोणच्याच्या बरणीत मुंग्यांची पावडर आणि खोकल्याच्या तपकिरी बाटलीत ढेकणांचं औषध, असा सगळा कारभार होता. कशात काय आहे ते त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि ते पाठांतरही गेलं, माझ्या लक्षात राहिलेल्या दोन-चार बाटल्या सोडून.

गेल्या वर्षी आई खोपोलीला ताईकडे गेली. ताईचं बाळंतपण होतं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेली आई बाळ सात महिन्यांचं झालं तरी तिथेच होती. मी घरून काम करते. एका परदेशी दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना संगणकावर इंग्रजीत उत्तरं लिहायची. दिवसभर मी शंभर माणसांशी बोलते, पण बोटांनी. तोंडाने किती बोलते ते एकदा मोजलं होतं. सहा वाक्यं. त्यातली चार आईशी फोनवर आणि दोन मांजराशी.

एप्रिलमध्ये आईचा फोन आला. "मे महिन्याच्या अखेरीला आम्ही येतोय. हा रांगायला लागलाय गं. दिसेल ते तोंडात घालतो. मागची फळी तेवढी आवरून ठेव."

"बरं," मी म्हणाले.

मी दोन दिवस वाचत बसले. कसं आवरायचं, काय करायचं नाही. वाचणं मला जमतं. मग एका रविवारी बाबांचा लांब बाह्यांचा जुना सदरा घातला, रबरी हातमोजे चढवले, नाकातोंडाला रुमाल बांधला. पडवीची दोन्ही दारं उघडी टाकली आणि पावडर उडू नये म्हणून पंखा बंद ठेवला. कशात काय आहे ते ओळखायला वास घ्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप झाकणाकडे जातो. एकातलं दुसऱ्यात ओतायचं नाही. मोरीत काही सांडायचं नाही. उंदरांच्या वड्या कागदासकट पिशवीत. डांबराच्या गोळ्या वेगळ्या. भाताच्या कणगीत ठेवायच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा निघाला, झाकण गंजलेलं. ओल लागली तर त्यातून जीवघेणा वायू सुटतो असं वाचलं होतं. तो मी उघडला नाही, नुसता कोरड्या पिशवीत घालून बाहेर नेला.

सगळं रंगाच्या एका रिकाम्या बादलीत उभं रचलं. झाकण घट्ट बसवून त्यावर कागद चिकटवला आणि बादली गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. गोठ्यात आता जनावर नाही. गोळ्यांचा डबा तिथेच वरच्या कोनाड्यात.

आता हे द्यायचं कुठे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण ते आमच्या गावासाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा टेंपो आला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

"घातक कचरा घेता का?" मी विचारलं. ड्रायव्हरला माझा शब्द कळला नाही. मी पुन्हा म्हणाले, "उंदरांचं, ढेकणांचं औषध. जुनं."

"अवो मॅडम, जाळून टाका की परसात. नायतर नदी हायच." त्याने गिअर टाकला. "एवढं काय टेन्शन घेता?"

मी त्यालाही "बरं" म्हणाले. जाळणार नव्हते आणि नदीतही टाकणार नव्हते, पण समोरच्याला नको म्हणायचं असलं तरी माझ्या तोंडून 'बरं'च निघतं. मग काय बोलायचं ते कागदावर लिहून कर्जतला कचरा केंद्रावर फोन लावला. तिथला माणूस कागदावर नसलेले प्रश्न विचारत होता, तरी शेवटी म्हणाला की शनिवारी घेऊन या, अशा कचऱ्याची इथे वेगळी पेटी आहे. फोन ठेवल्यावर मला एवढा आनंद झाला की मी उभ्याने भात खाल्ला.

एक गोष्ट मात्र राहिली. खोकल्याची ती तपकिरी बाटली. आत तळाला तेलासारखा थर होता, बाकी रिकामी. काचेची, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून मग बादलीत घालावी असा विचार करून मी ती पडवीच्या पायरीवर ठेवली. वर्तमानपत्र आणायला आत गेले आणि आईचा फोन आला. बाळाने पहिल्यांदा पेरू चाखला होता. अर्धा तास त्यावर गेला. बाटली पायरीवरच राहिली.

त्याच पायरीवर, हातभर अंतरावर, मी दुसऱ्या बाटल्या धुऊन ओळीने ठेवल्या होत्या. सरबताच्या, सॉसच्या, व्हिनेगरच्या. त्या वाडीवरच्या मावशींसाठी होत्या. दर वर्षी मधाच्या दिवसांत मावशी रिकाम्या बाटल्या न्यायला येत. मुलगा डोंगरातून मध काढायचा, त्या भरून बाजारात विकायच्या. बाटल्यांच्या बदल्यात कधी पानात बांधलेली करवंदं, कधी अळवाच्या जुड्या. मी कॉलेजात असल्यापासून त्या यायच्या.

मंगळवारी सकाळी आमची आठवड्याची मीटिंग असते. कानात हेडफोन, पडद्यावर बारा चौकटी. माझी बोलायची पाळी चौथी होती. तिसरी मुलगी बोलत असताना मागच्या दारातून आवाज आला.

"बाय, बाटल्या हायत का?"

मी मान वळवून पायरीकडे बोट दाखवलं. मावशी पिशवीत एकेक बाटली भरू लागल्या. मग त्यांनी तपकिरी बाटली उचलून वर धरली. "ही बी नेऊ का?"

मी माइकवर हात ठेवला. "त्यात औषध होतं," म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

माझ्या मनात ते वाक्य पूर्ण होतं. त्यात औषध होतं, म्हणून ती नेऊ नका. आमच्या घरात पडवीच्या पायरीवर उभं राहून औषध म्हटलं की त्याचा दुसरा अर्थच नव्हता. मावशी "बरं" म्हणाल्या. पिशवीत काचेवर काच वाजल्याचं मी ऐकलं. मग माझी पाळी आली आणि मी आठवड्यात किती तक्रारी मिटवल्या ते सांगितलं.

मीटिंग संपली साडेदहाला. पाणी प्यायला मागे गेले. पायरीवर काहीच नव्हतं. मी आधी गुंडाळायचं वर्तमानपत्र उचलून पाहिलं, मग पायरीखाली वाकले. मग उभी राहिले आणि मघाचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. वर मीच सांगितलं होतं, त्यात औषध होतं.

मावशींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं.

शेजारच्या काकू अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. "काकू, त्या बाटल्या नेतात त्या मावशी कुठल्या वाडीवरच्या?"

"का गं? काय गेलं काय घरातलं?"

"नाही. चुकून एक बाटली गेली."

"एका बाटलीसाठी तू वाडीवर जानार?" काकू हसल्या. "अगं, तू दूधवाल्याकडं पातेलं खिडकीतनं धरतेस. तिथं जाऊन बोलनार काय?"

त्यांना खरं सांगावं असं वाटलं, पण नीट शब्द जुळेनात, आणि लाजही वाटली. काकूंनी कुरडयांनी भरलेल्या हातानेच डोंगराकडे दाखवलं. डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लाव, पुढे वीस मिनिटं पायवाट.

स्कूटी नेली. वाटेत मी वाक्य तयार करत होते. ते सारखं इंग्रजीतच तयार होत होतं.

वाडीत आंब्याखाली चार-पाच बायका पाला निवडत बसल्या होत्या. मी धापा टाकत उभी राहिले. "मावशी आहेत का?"

"हितं समद्या मावशाच," एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"बाटल्या नेतात त्या."

"बाटल्या तर आमी समद्याच नेतो. तुला कंची पायजे?"

नाव नाही, घर माहीत नाही. मग मला जे माहीत होतं ते मी सांगायला लागले. डाव्या करंगळीला नख नाही. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घेतात. पायरीवर बसत नाहीत, चप्पल काढून बाजूला उकिडव्या बसतात. हसताना पदर तोंडावर धरतात. बोलता बोलता एक डोळा बारीक करतात.

हसणं थांबलं. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. "समदं बगितलंस की गं," ती म्हणाली. "नाव तेवढं इचारलं नाय."

तिने वरचं घर दाखवलं.

मावशी चुलीपुढे होत्या. दाराशी चारेक वर्षांची एक मुलगी, त्यांची नात असावी, खोकत बसली होती. मुलीच्या मागे भिंतीतल्या कोनाड्यात तपकिरी बाटली होती आणि ती अर्धी भरलेली होती. त्यात काहीतरी घट्ट, काळसर.

"काय बाय," मावशी म्हणाल्या, "बाटली परत पायजे व्हय?"

माझ्या मागोमाग बायका वर आल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, ऐकू जाईल अशी, "चोरली म्हनत आली का काय?"

मी तिथे उभी होते आणि सगळे मी बोलायची वाट बघत होते. अशा वेळी मी नेहमी काहीतरी अर्धवट बोलून निघून जाते. पण निघून गेले असते तर ती मुलगी तिथेच बसून राहिली असती.

"मुलीला त्या बाटलीतलं देऊ नका," मी म्हणाले. "त्यात ढेकूण मारायचं विष होतं."

विष हा शब्द मी मराठीत मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारला असेन. आमच्या घरात तो कुणी बोलत नसे.

मावशी चुलीपासून उठल्या. "तू औषद म्हनालीस."

"हो."

"मी इचारलं तुला. ही बी नेऊ का म्हनून."

"हो. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे." मग मी विचारलं, "तिला दिलंय का?"

मावशींनी मुलीला जवळ ओढलं. मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. बाटली त्यांनी आतून राखेने घासली होती, दोनदा धुतली होती. झाकण चांगलं होतं आणि औषधाची बाटली, म्हणून ती विकायला न ठेवता पोरीसाठी ठेवली. अडुळशाचा रस आणि मध भरला. निजताना द्यायचा होता. पण भरताना तोंडाशी ओघळ आला तो पोरीने बोटाने चाटला.

"कितीदा?"

"एकदा. दोनदा." त्यांनी मुलीकडे बघितलं. "वास येत व्हता गं. पन औषदाला वास येतोच."

बायकांच्यात एकदम बोलणं सुरू झालं. एक जण म्हणाली, घशात बोट घालून ओकायला लावा. दुसरी म्हणाली, मिठाचं पाणी पाजा. "नको," मी म्हणाले, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "तसं काही करायचं नाही. दवाखान्यात न्यायचं, आत्ता." मुलीचे हात आणि तोंड साबणाने धुतलं, चूळ भरायला लावली. बाटली एका पिशवीत घातली, ती दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारली. ती फेकून द्यायला एक जण निघाली होती. मी तिच्या हातून घेतली. डॉक्टरांना दाखवायला लागेल.

स्कूटीवर मी, मध्ये मुलगी, मागे मावशी. मुलगी सारखी आरशात बघत होती. तिला मजा वाटत होती.

कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, तोंडातून लाळ येतेय का बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"नेमकं कुठलं औषध?"

"ढेकणांचं."

"नाव काय त्याचं? लेबल आहे?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी प्लास्टिकमधूनच वाचलं. लहान मुलांसाठी, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. त्यांनी मान वर केली. "हे यात कुणी भरलं?"

"वडिलांनी."

"त्यांना फोन लावा. दुकान कुठलं, औषध कुठलं, ते विचारा."

"ते नाहीत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, पोटात गेलेलं फारच थोडं दिसतंय, तरी काय आहे ते माहीत नाही म्हणून संध्याकाळपर्यंत इथे ठेवू. दर थोड्या वेळाने बघू. नर्सने कागद भरायला घेतला आणि बरोबर आलेल्या बाईचं नाव विचारलं. मला विचारलं, कारण शिकलेली मी दिसत होते. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता स्वतःचं नाव सांगितलं.

खाटेशेजारी एक बाक होता. मावशी तिथेही बाकावर बसत नव्हत्या. मी दोनदा म्हटल्यावर टोकाला बसल्या. मुलगी खाटेवर होती. तिचा श्वास मी मोजत होते. मोजून झाला की पुन्हा मोजायचे. खोकला आला की आम्ही दोघी एकदम उठायचो आणि तो नुसता खोकला आहे हे कळल्यावर वेगवेगळ्या वेळी बसायचो.

दुपारी चारच्या सुमारास मावशी बोलल्या. "तुझा बाप समदं दोनदा सांगायचा."

"काय?"

"बाटल्या देताना. ही ने, ही नको नेऊस. ह्यात जहर हाय, हात बी लावू नकोस म्हनायचा. मग परत एकदा सांगायचा. मी म्हनायची, कळलं रं दादा, बहिरी नाय मी. तरी परत." त्या एक डोळा बारीक करून खाटेकडे बघत होत्या. "आन बाजारात भेटला की चा पाजायचा. लय बोलायचा तो."

माझे बाबा शनिवारी घरी आले की चहा घेऊन बाटल्या सरळ करायचे आणि बातम्या बघायचे. ते खूप बोलायचे हे मला ठाऊक नव्हतं. जहर हा त्यांचा शब्द होता हेही नाही. मी दोन वर्षं त्यांच्या आठवणी एकटीनेच सांभाळतेय असं समजत होते, आणि त्यांतल्या काही वाडीवर होत्या. मला आणखी विचारायचं होतं. काय बोलायचे, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का. पण खाटेवर मुलगी होती आणि तो प्रश्न विचारायचा मला त्या दिवशी काही हक्क नव्हता.

सहाच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डोळे ठीक, छाती ठीक, मुलीने बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला होता. "जा घरी," त्या म्हणाल्या. "उलटी झाली, लाळ सुटली, गुंगी आली, श्वास जोरात चालला तर लगेच आणा, सकाळची वाट बघू नका." हे त्यांनी मावशींना सांगितलं आणि मग मला, म्हणजे दोनदा.

डांबरी रस्ता संपतो तिथे मी स्कूटी थांबवली. मी चालत वरपर्यंत येते म्हटलं. "नको," मावशी म्हणाल्या. मुलीला कडेवर घेतलं. "तू जा. उजेड हाय तवर."

मला पुन्हा एकदा माफी मागायची होती. मी काही म्हणायच्या आत त्या वळल्या होत्या.

आईने फोनवर विचारलं, आज काय केलंस. फळी आवरली, मी म्हणाले. "सगळी?" "सगळी." बाळाला पेरू आवडला नव्हता, आता केळं देऊन बघणार होते.

शनिवारी मी बादली आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही सरळ उभे राहतील असे बांधून स्कूटीवरून कर्जतला नेले. तपकिरी बाटली तिच्या दोन पिशव्यांसकट बादलीत होती. तिथल्या माणसाने काय आहे विचारलं तेव्हा मी एकेक सांगितलं. कशात काय असावं, कशाला ओल लागू द्यायची नाही, कुठलं लेबल खोटं आहे. तो ऐकत राहिला. "एवढं कोन सांगत नाय," म्हणाला आणि आत घेऊन गेला. घरी आले तेव्हा पडवी मोकळी होती. फळीवर बाटल्यांच्या बुडांचे गोल डाग होते. मी ते साबणाच्या पाण्याने पुसले, हातमोजे घालूनच. पुसलेल्या फडक्याचं काय करायचं, हे वाचायला पुन्हा बसले.

त्यानंतर मावशी आल्या नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे. मधाचे दिवस सरत होते. मी बाटल्या धुऊन ठेवत होते, मग ठेवायच्या थांबवल्या. मुलीचं काय झालं असेल हा विचार कामात मध्येच यायचा आणि मी गिऱ्हाइकाला अर्धवट उत्तर पाठवायचे. डॉक्टरांनी घरी सोडलं म्हणजे ती बरी असणारच, हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. वाडीवर जाऊन बघावं, तर आपण पुन्हा दारात उभ्या राहिलो की त्या बायका पाला निवडायच्या थांबतील, असं वाटायचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या दाराशी एक बाई आली. आंब्याखालची, चोरली म्हणत आली का असं विचारणारी तीच. तिच्या डोक्यावर सरपणाच्या फाट्यांचा भारा होता, तो तिने उतरवला नाही.

"पोरगी बरी हाय," ती म्हणाली. "येवढंच सांग म्हनली."

"बरं," मी म्हणाले.

ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली. मी कानातला हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि तिच्या मागे धावले. मला मीटिंगमध्ये कुणी काहीतरी विचारत होतं.

"थांबा ना. तिचा खोकला थांबला का? झोपते का नीट? जेवते का? आणि मावशी का आल्या नाहीत, रागावल्यात का माझ्यावर?"

एवढं सगळं एका दमात माझ्या तोंडून निघालं. ती बाई भाऱ्याखालून माझ्याकडे बघत राहिली. मग भारा थोडा सरकवून तिने मान मोकळी केली.

"येवढं इचारायचं तर वर ये की," ती म्हणाली. "वाट म्हाईत हाय तुला."

मी येते म्हणाले. या वेळी खरंच यायचं होतं म्हणून म्हणाले. मुलीसाठी एक लाल रिबीन आणून ठेवली आहे. गुरुवारी मला अर्धी सुट्टी असते. आतापर्यंत तीन गुरुवार गेले. दर वेळी मी स्कूटी अंगणात काढते आणि काकू विचारतात, कुठं निघालीस गं. मी सांगते, वाडीवर. मग पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवत थोडा वेळ उभी राहते, आणि मी अजून गेलेले नाही.